फुगलेल्या बोटातील अंगठी

संत्र्याचा आंबिया बहार तोडणीला आला की आमच्या भागातली निम्मी माणसे शिडीवर आणि निम्मी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर असतात. याच दिवसांत हाताला लागते, बोट चेंगरते, गांधीलमाशी डसते, काटा रुततो. लागलेल्या हातावर हळद बसते, चिंधी बसते, कुणी चुनाही लावतो. पण त्याच हाताच्या बोटात अंगठी आहे, मनगटात कडे आहे, याकडे पहिल्या घटकेला कुणाचे लक्ष जात नाही. रात्री बोट वांग्यासारखे होते तेव्हा ते जाते, आणि मग उशीर झालेला असतो. शेती व आरोग्याच्या या पानावर आज आम्ही याच एका गोष्टीबद्दल लिहिणार आहोत. विषय लहान दिसतो, पण त्यापायी बोटे गेलेली आहेत.

सौंसरकडच्या एका मळ्यातली हकिकत आमच्या कानावर आली ती अशी. एका बाईला संत्री तोडताना बोटाच्या मुळाशी गांधीलमाशी डसली. बोटात लग्नाची अंगठी होती. घरच्यांनी चावल्या जागी लोखंड घासले, कांदा लावला. सायंकाळी अंगठी हलेना. तेल लावून ओढली, साबण लावून ओढली, चार जणांनी चार वेळा ओढली, आणि प्रत्येक ओढीबरोबर बोट आणखी सुजले. दुसऱ्या दिवशी बोटाचे टोक निळे झाले तेव्हा कुणीतरी म्हणाले की अंगठी कापून टाका. त्यावर बाईचे उत्तर असे, "लग्नाची हाये जी, कापू नका. फादरनं आशीर्वाद देल्ला हाये तिले." नवराही गप्प राहिला. शेवटी सोनाराने कापली. बोट वाचले, पण टोकाची जाणीव कित्येक महिने आली नाही.

माशी सगळ्यांना डसते, तिचा दोष किती द्यावा? खरी चूक पहिल्या दहा मिनिटांतली आहे. त्या वेळी अंगठी सहज निघाली असती, आणि कापण्याचा प्रश्नच उठला नसता.

असे का होते, हे संत्र्याच्या शेतकऱ्याला समजावून सांगायला फार वेळ लागू नये. जंबेरीच्या खुंटावर आपण संत्र्याचा डोळा भरतो आणि पट्टी बांधतो. डोळा फुटून वाढीला लागला तरी जो माणूस ती पट्टी सोडायला विसरतो, त्याचे कलम पट्टीच्या वरच्या अंगाला फुगते आणि पट्टीपाशी बारीक राहते. वारा आला की तिथेच मोडते. पानांतून खाली येणारे अन्न सालीतून येते. साल आवळली की ते वर अडते. बोटातही अडण्याचाच प्रकार घडतो. शुद्ध रक्त रोहिणीतून जोराने आत येते, कारण तिच्यामागे हृदयाचा दाब असतो. परत जाणारे रक्त नीलेतून हळू जाते, तिचा दाब फार कमी. अंगठी घट्ट झाली की प्रथम नीला दबते. रक्त येत राहते, जात मात्र नाही. म्हणून बोट फुगते, फुगल्यामुळे अंगठी आणखी रुतते, आणि रुतल्यामुळे बोट आणखी फुगते. शेवटी रोहिणीही दबते. मग बोट आधी पांढरे किंवा निळे, पुढे थंड, बधिर आणि काळे होते. हा सारा प्रवास काही तासांत होऊ शकतो, त्याला आठवडा लागत नाही.

तेव्हा आमचे पहिले म्हणणे असे की हाताला किंवा पायाला काहीही लागले, भाजले, मुरगळले, डसले, तर औषधाच्या आधी त्या अवयवावरचे सर्व काही काढावे. अंगठी, बांगड्या, पाटल्या, कडे, घड्याळ, पायातली जोडवी, पैंजण, मनगटाचा काळा दोरा, सारे. बोट दुखत असले तरी काढावे. सूज अजून आली नाही म्हणून थांबू नये, कारण सूज आल्यावर ते निघणार नाही. दुखापत उजव्या हाताला आणि अंगठी डाव्या हातात असेल तर गोष्ट वेगळी. पण विंचू आणि साप यांच्या बाबतीत दोन्ही हात मोकळे केलेले बरे.

अंगठी अडकलीच तर काय करावे? घाबरून ओढू नये, हे आधी. हात हृदयाच्या वर धरावा, आणि पाच-दहा मिनिटे तसाच ठेवावा. थंड पाण्यात बुडवावा किंवा बर्फ फडक्यात गुंडाळून लावावा. बर्फ उघडा त्वचेवर ठेवू नये. मग साबणाचे पाणी किंवा खाण्याचे तेल लावून अंगठी स्क्रू सोडवतात तशी फिरवत फिरवत काढावी. सरळ ओढली तर सांध्यावर कातडीची घडी पडते आणि ती अंगठीला अडवते. बांगडीसाठी हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून तिच्यावरून बांगडी सरकवतात. आपल्या कासारणीच्या हाताला ही कला आधीपासून ठाऊक आहे. ती अंगठा आणि करंगळी जवळ आणून तळवा लहान करते आणि मग बांगडी जाते. काचेची बांगडी निघत नसेल तर फडक्यात गुंडाळून बाहेरच्या बाजूने फोडावी. तुकडा डोळ्यात किंवा नसेत जाणार नाही याची काळजी घ्यावी.

एक दोऱ्याची रीत आहे, ती प्रत्येक घरातल्या एका तरी माणसाने शिकून ठेवावी असे आम्हांला वाटते. शिवणकामाचा मजबूत, गुळगुळीत दोरा दोन हात लांब घ्यावा. मांजा घेऊ नये. दोऱ्याचे एक टोक सुईच्या बोथट बाजूने अंगठीखालून तळहाताकडे काढावे आणि तिकडे वीतभर ठेवावे. उरलेला लांब दोरा अंगठीच्या नखाकडच्या कडेपासून सुरू करून वेढ्याला वेढा लावून, मधे फट न ठेवता, घट्ट गुंडाळत सांध्याच्या पलीकडे न्यावा. असे केल्याने सूज दाबली जाते. मग तळहाताकडचे टोक नखाच्या दिशेने धरून, ज्या दिशेने वेढे घातले त्याच दिशेने हळूहळू उलगडत जावे. एकेक वेढा सुटतो तसतशी अंगठी पुढे सरकते. दुखते, यात शंका नाही. गुंडाळलेले बोट काही मिनिटांपेक्षा जास्त तसे ठेवू नये. नाही निघाली तर दोरा सोडून द्यावा. बोट मोडलेले असेल, खोल जखम असेल किंवा बोट आधीच काळे पडत असेल तर ही रीत मुळीच करू नये. तिथे कापणे हाच उपाय.

कापण्यासाठी दवाखान्यात एक लहान हत्यार असते. त्याला दातेरी चाक आणि खाली पातळ जीभ असते. जीभ अंगठी व कातडी यांच्यामध्ये सरकवतात आणि कळ फिरवतात, म्हणजे चाक कातडीला लागत नाही. सोने, चांदी, पितळ अशाने लवकर कापले जाते. स्टीलचे कडे कठीण असते. अलीकडे शहरांतून येणाऱ्या काळ्या, जड, न घासणाऱ्या टंगस्टनच्या अंगठ्या मुळीच कापल्या जात नाहीत. त्या पकडीत धरून हळूहळू दाबत तडकाव्या लागतात, तेव्हा डोळे झाकावेत आणि काम जाणत्यालाच करू द्यावे. गावात हत्यार नसेल तर सोनाराची करवत व पक्कड चालतात, पण अंगठीखाली पत्र्याची पातळ पट्टी सरकवून आणि पाणी टाकत. नाहीतर तापलेले धातू बोट भाजते. वर्कशॉपमधला ग्राइंडर बोटावर चालवू नये. तरुण मुलांना तो फार सोपा वाटतो, आणि पोरे लहानपणी नट-बोल्टमध्ये बोट घालतात तेव्हा तोच प्रथम आठवतो. नटासारखे जाड लोखंड अडकले तर दवाखाना गाठावा.

बोटाला धोका आहे की नाही हे ओळखायचे असेल तर नख दाबून सोडावे. दोन सेकंदांच्या आत ते पुन्हा गुलाबी झाले पाहिजे. न झाल्यास, बोट थंड असल्यास किंवा टोचल्याचे कळत नसल्यास घरगुती खटपटीत वेळ घालवू नये.

आता लग्नाच्या अंगठीविषयी, कारण आमच्या मते अडचण तिथेच आहे. आमच्या माणसांना अंगठी कापणे म्हणजे लग्न कापणे वाटते. शेजारच्या हिंदू भगिनींना मंगळसूत्राबद्दल आणि हिरव्या बांगड्यांबद्दल तसेच वाटते, आणि त्या भावनेचा आम्ही आदर करतो. परंतु आपल्या धर्मसभेची शिकवण स्पष्ट आहे. विवाहसंस्कार होतो तो वधूवरांच्या संमतीने. अंगठी ही त्या संमतीची खूण आहे आणि तिच्यावर आशीर्वाद मागितला जातो. खूण मोडली म्हणून संस्कार मोडत नाही. कापलेली अंगठी सोनाराकडून जोडून आणावी आणि फादरांना पुन्हा आशीर्वाद द्यायला सांगावे. गळ्यातल्या क्रुसाच्या दोऱ्याबद्दल आणि तान्ह्या बाळाच्या पदकाबद्दलही आमचे हेच मत आहे. आजारी माणूस नको म्हणत असेल तर घरातल्या मोठ्याने हे त्याला सांगावे. आणि मोठेही कापू देत नसतील तर कुणीतरी फादरांना बोलावून आणावे, कारण त्यांचे ऐकतात.

तरीही आम्ही असे म्हणू की मळ्यात आणि यंत्रापाशी जाताना अंगठी घरी ठेवावी. ट्रॉलीवरून उडी मारताना खिळ्यात किंवा साखळीत अंगठी अडकली तर शरीराचे सारे वजन त्या एका बोटावर येते आणि कातडीसकट सारे ओरबाडून निघते. कडबा कुट्टीच्या व मळणी यंत्राच्या बाबतीत तर सांगणेच नको. अमेरिकेतले दूरचित्रवाणीचे प्रसिद्ध कलाकार जिमी फॅलन २०१५ साली घरातल्या घरात पडले, अंगठी टेबलाच्या कडेला अडकली आणि त्यांना शस्त्रक्रियेसाठी कित्येक दिवस दवाखान्यात राहावे लागले. घरातल्या टेबलाने हे होते, तर ट्रॉलीने काय होईल? बोट तुटूनच आले तर ते स्वच्छ ओलसर फडक्यात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालावे आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. बोट थेट बर्फात किंवा पाण्यात टाकू नये. जखमेवर दाब देऊन लगेच निघावे. आमच्यापासून नागपूर सुमारे शंभर किलोमीटरच्या आत आहे, आणि बोट जोडण्याची शस्त्रक्रिया होण्यासारखी असेल तर तिथे.

आवळणाऱ्या वस्तूंमध्ये एक वस्तू आपण स्वतःच आपल्या हाताने बांधतो, आणि ती सर्वांत घातक आहे. साप चावला की वर दोर बांधतात. कुणी पंचा बांधतो, कुणी कासरा, कुणी मोटारसायकलच्या ट्यूबची पट्टी. दोन जागी, तीन जागी बांधतात, आणि जितके घट्ट तितके चांगले समजतात. आमच्या वडिलांनी बांधले, आजोबांनी बांधले, म्हणून ते चालत आले. जागतिक आरोग्य संघटना आणि भारत सरकारचे उपचारनियम दोन्ही सांगतात की असा घट्ट दोर बांधू नये. घोणस आणि फुरसे यांच्या विषाने हात-पाय आधीच सुजतात, त्यावर दोर म्हणजे वर सांगितलेल्या अंगठीचाच मोठा भाऊ. विष थांबत नाही, पाय मात्र सडतो. नाग आणि मण्यार यांच्या बाबतीत दोर एकदम सोडला की अडलेले विष एकाच वेळी शरीरात जाते आणि माणसाचा श्वास वाटेत बंद पडू शकतो.

म्हणून येथे दोन गोष्टी वेगळ्या धराव्यात, त्यांची गल्लत होऊ देऊ नये. अंगठी, कडे, पैंजण, घड्याळ हे साप चावताक्षणीच काढायचे. दोर बांधायचाच नाही. पण कुणी आधीच घट्ट बांधलेला असेल तर तो घरी किंवा वाटेत सोडायचा नाही, डॉक्टरांसमोर, औषधाची तयारी झाल्यावर सोडायचा. माणसाला चालवू नये, हात-पाय लाकडाच्या फळीला सैल बांधून हलू न देता न्यावे. जखम कापणे, चोखणे, मांत्रिकाकडे नेणे हे सारे वेळ घालवणे आहे. १०८ क्रमांकाला फोन करावा, किंवा ज्याच्याकडे गाडी असेल त्याच्या गाडीने निघावे. सर्पविषाची लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात आपल्या देशात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे मेली, वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार. ज्या आठ राज्यांत बहुतेक मृत्यू झाले त्यांत मध्य प्रदेश आहे. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने २०३० पर्यंत हे मृत्यू निम्मे करण्याची योजना जाहीर केली. योजना चांगली आहे, पण ती दिल्लीत आहे आणि कासरा आपल्या घरात आहे.

विंचवाच्या बाबतीतही दोर नको. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी १९८०च्या दशकात लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन नावाच्या साध्या गोळीचा उपयोग दाखवून दिला. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. कोकणातल्या एका खेड्यातल्या डॉक्टराने हजारो माणसे वाचवली ती या औषधाने. दोराने कुणी वाचल्याचे आम्ही ऐकलेले नाही.

हाडवैद्याबद्दलही लिहिले पाहिजे, जरी काही वाचक रागावतील. मुलगा झाडावरून पडतो, कोपर मोडतो, आणि घरचे त्याला हाडवैद्याकडे नेतात. तो बांबूच्या कामट्या घट्ट बांधतो. आतून सूज येते, बाहेरून कामट्या आवळतात. रिचर्ड फोन फोल्कमान या जर्मन शल्यवैद्याने १८८१ साली याचे वर्णन लिहून ठेवले आहे. स्नायूंचा रक्तपुरवठा काही तास तुटला की ते मरतात, आकसतात, आणि हाताची बोटे पक्ष्याच्या पंजासारखी कायमची वाकडी राहतात. सहा तास पुरतात. म्हणून पट्टी किंवा प्लॅस्टर बांधल्यावर दुखणे कमी होण्याऐवजी वाढत असेल, बोटे सरळ केली की मुलगा किंचाळत असेल, बोटे बधिर किंवा थंड असतील, तर सकाळची वाट पाहू नये. हे दवाखान्यातल्या प्लॅस्टरलाही लागू आहे. तिथे परत जाऊन प्लॅस्टर चिरून घ्यावे, डॉक्टर रागावले तरी चालेल. गोटमारीच्या दिवशी जाम नदीच्या दोन्ही काठांवर शेकडो माणसे जखमी होतात आणि घाईघाईत पट्ट्या बांधल्या जातात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी रात्री त्या प्रत्येक घरात कुणीतरी जखमी माणसाच्या बोटांना हात लावून पाहावे.

तान्ह्या बाळांच्या आयांना आणखी एक सांगायचे आहे. बाळंतपणानंतर तीन-चार महिन्यांनी आईचे केस फार गळतात. एखादा केस मोज्यात किंवा दुपट्यात राहून बाळाच्या पायाच्या बोटाला गुंडाळतो, ओला होऊन सुकतो आणि आवळतो. बाळ तासन्‌तास रडते, दूध पीत नाही, आणि कुणाला कारण कळत नाही. दृष्ट काढली जाते. त्याआधी मोजे काढून पायाची दहाही बोटे, हाताची बोटे आणि मुलगा असेल तर लघवीची जागा नीट उजेडात पाहावी. केस सुजेत बुडून गेलेला असतो, दिसतही नाही. असे आढळल्यास स्वतः कात्री लावू नये, लगेच डॉक्टरांकडे न्यावे. बाळाच्या कमरेचा करदोडा व मनगटाचा दोरा दर महिन्याला सैल करावा. बाळ वाढते, दोरा वाढत नाही. पोटुशा बाईने सातव्या महिन्यानंतर अंगठी काढून ठेवावी. तिचे हात व चेहरा अचानक सुजले आणि डोके दुखत असेल तर ते अंगठीचे दुखणे नाही, रक्तदाबाचे असू शकते, त्याच दिवशी दाखवावे.

गोठ्याचीही हीच गत आहे. कालवडीला दावे बांधतो तेव्हा ती लहान असते. सहा महिन्यांनी दावे कातडीत शिरलेले सापडते आणि त्यात किडे पडलेले असतात. दाव्याखाली तीन-चार बोटे सहज गेली पाहिजेत. रुतलेले दावे ओढून काढू नये, पशुवैद्याला बोलवावे.

शेवटी एक सूचना. २०२३ साली पांढुर्णा हा जिल्हा झाला, त्यात पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके आले, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी काय काय मिळाले पाहिजे याची मागणी सगळेच करतात. आम्ही लहान मागणी करतो. अंगठी कापण्याचे ते हत्यार महाग नाही. ते प्रत्येक आरोग्य केंद्रात असावे, आणि जिथे नसेल तिथे आपल्या धर्मग्रामाच्या निधीतून एक विकत घेऊन सिस्टरांकडे द्यावे. गावातल्या सोनाराला विचारून ठेवावे की रात्री बोलावले तर येशील काय. बहुतेक सोनार येतात, आम्ही विचारले आहे. येत्या रविवारी मिस्सानंतर दोऱ्याची रीत प्रत्यक्ष करून दाखवणार आहोत, तरुण मंडळाने आणि महिला मंडळाने थांबावे. येताना घरातला शिवणाचा दोरा आणि एखादी सैल अंगठी आणावी.